एकाच जोडीची नावं

३ जून, सोमवार, लातूर
आज दोन ठिकाणी जाऊन आले. पहिल्या क्लासमध्ये बायोलॉजीला जागा आहे, पण दिवसभराची. मी म्हटलं, अर्धवेळ हवं. घरी मुलगी लहान आहे, सासूबाईंना शुगर आहे. आणि घरच्यांसाठी विमा मिळतो का? ऑफिसातला माणूस हसला. "तासावर येणाऱ्याला कोण विमा देतंय, मॅडम?" दुसरीकडे विचारायचा धीरच झाला नाही. पाणी पिऊन परत.

नवऱ्याच्या, महेशच्या झेरॉक्सच्या दुकानावर अ‍ॅडमिशनवाल्यांची रांग. मला बघून नुसती मान हलवली त्याने. काय झालं ते तोंडावरूनच कळत असणार.

६ जून, गुरुवार
विम्याचा एजंट येऊन गेला. माझ्या वडिलांचं, अण्णांचं वय आणि हृदयाचं दुखणं ऐकून वही मिटली. "जुना आजार लपवला तर जमवतो, ताई." नको म्हटलं. सरकारी योजनेत आमचं पांढरं रेशनकार्ड बसत नाही. राहिली एकच वाट, कुणाच्या तरी नोकरीतला सामुदायिक विमा. त्यात जुना आजार पहिल्या दिवसापासून चालतो म्हणे.

आत्या आतून सगळं ऐकत होती. एजंट गेल्यावर म्हणाली, "चहा पिऊन गेला मेला. तेवढा तरी वाचवायचा."

(आत्या म्हणजे माझी सासू. अण्णांची सख्खी मोठी बहीण. चारचौघांत मी तिला 'तुम्ही' म्हणते. या वहीत नाही जमत.)

११ जून, मंगळवार
मिळालं बहुतेक. लिहिताना भीती वाटते.

तिसरा क्लास, नवीन इमारत. मेडिकलची तयारी करणाऱ्या मुलींच्या बॅचला शंका सोडवायला बाई हवी आहे. मुली पुरुष मास्तरांना विचारत नाहीत, शंका तशीच घेऊन हॉस्टेलवर जातात. सकाळी आठ ते बारा. आणि विमा आहे! अर्धवेळवाल्यांनासुद्धा. शेजारचे क्लास मास्तर पळवतात म्हणून क्लासच्या मालक सरांनी यंदा सगळ्यांना लागू केला.

सरांनी विचारलं, शाळा कुठली? म्हटलं, चौथीपर्यंत वडिलांकडे, दुकानात. भूकंपात गावची शाळा पडली, पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा भरायला लागली तरी आई मला घरच्यांच्या नजरेआड पाठवायला तयार नव्हती. अण्णांनी गल्ल्याशेजारी बसवून शिकवलं. सर म्हणाले, "म्हणजे घरच्या कोट्यातली अ‍ॅडमिशन!"

निघताना राहवलं नाही. सांगून टाकलं, वडील आजारी आहेत, विम्यासाठीच नोकरी हवी आहे. महेश ऐकून चिडला, "कामून सांगितलंस? विचारलं होतं का त्यांनी?" पण सर एवढंच म्हणाले, "सगळे कशासाठी तरीच येतात. सोमवारपासून या."

१५ जून, शनिवार, नांदेड
अण्णांची तपासणी. आई शिरूर अनंतपाळहून त्यांना घेऊन आली, मी लातूरहून. डॉक्टर म्हणाले, बायपास. आज-उद्या नाही, पण दिवाळीपर्यंत थांबू नका. अण्णा बाहेर येऊन म्हणतात कसे, "दवाखाना झकास हाय. फरशी बग कशी हाय." आई बाकावर बसली ती उठेचना.

विम्याचं सांगितलं. अण्णांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "लेकीच्या घरचं पाणी पिताना बी माणूस इचार करतो. तू माझं काळीज दुरुस्त करून देनार?" 

१८ जून, मंगळवार
दुसरा दिवस कामाचा. मुली चांगल्या आहेत. एक चाकूरची, प्रत्येक शंकेआधी "मॅडम, हे विचारलं तर चालंल का?" उभं राहून पाय दुखतात. घरी येऊन स्वयंपाक, आत्याचं इन्शुलिन, मुलीचा अभ्यास. अण्णांना फोन राहिला.

२० जून, गुरुवार
अकाउंटवाल्या काकांनी विम्याचा कागद दिला. नवरा, मूल, आणि पुढे 'आई-वडील किंवा सासू-सासरे'. मी दोन्ही लिहायला घेतलं. काकांनी हात धरल्यासारखं केलं, "ओ मॅडम, एकच जोडी! माहेर नाही तर सासर."

म्हटलं, माझी सासू माझ्या वडिलांचीच बहीण आहे. एकाच आईची लेकरं आहेत, तरी?

काका म्हणाले, "मग तर सोपं झालं. घरातल्या घरात भांडा."

कागद पर्समध्ये. घरी काढला नाही.

२१ जून, शुक्रवार
सांगितलं. महेश जेवता जेवता थांबला. "नोकरी तुझी, तू ठरव." थोड्या वेळाने, "पण आई इथं राहते." त्यात खोटं काय आहे? सासरे गेल्यापासून तिला आम्हीच. आणि अण्णांना माझ्याशिवाय...

आत्या भाकरी मोडत म्हणाली, "शंकरचं, तुझ्या बापाचं नाव घाल. मला काय धाड भरलीय?"

"ते घेणार नाहीत, आत्या. लेकीच्या घरचं म्हणतात."

"तुझ्या घरचं खात न्हाई ना त्यो? कलासचं खाऊ दे की! लाव फोन."

लावला. दोघं स्पीकरवर भांडले. अण्णा म्हणत होते, "अक्का, तू मोठी, तुझं आदी." आत्या म्हणाली, "मोठ्यांनी मागं जेवायचं असतंय. ल्हानपनी माझ्या ताटातलं वडून खात होतास, तवा आठवलं न्हाई व्हय मोठी?" शेवटी अण्णांचा आवाजच येईना. आई मागून म्हणाली, "रडून राहिले."

२२ जून, शनिवार
कागद दिला. अण्णा आणि आई. मी लिहिताना आत्या शेजारी बसली होती. "अक्षर नीट काढ. गिचमिड केलीस तर दुसऱ्याचंच काळीज कापतील."

हलकं वाटायला हवं होतं.  

२५ जून, मंगळवार
आत्याची चादर बदलताना पायथ्याला डाग दिसला. पिवळट. ती मोरीत होती. बाहेर आल्यावर म्हटलं, पाय दाखव. "काय न्हाई, चप्पल लागली." मी खाली बसून मोजा काढला. उन्हाळा-पावसाळा मोजे घालते, आम्हाला वाटायचं थंडी वाजते. डाव्या पायाचं धाकटं बोट काळं पडलंय. वास.

कधीपासून?  "तू नोकरी हुडकायला लागलीस त्याच्या आदीपासून."

म्हणजे शुक्रवारी फोनवर भांडत होती तेव्हाही.

दुपारीच दवाखान्यात नेलं. डॉक्टर रागावले, माझ्यावर. रागावू देत. रोज पट्टी, गोळ्या. ऑपरेशनचं पंधरवड्याने ठरवू म्हणाले. बोट राहील का? "बोटाचं सोडा, पाय राहिला पाहिजे."

रिक्षात आत्याने माझं मनगट धरलं. "शंकरला सांगू नको. कळलं तर त्यो नाव काडून टाकंल. मग बाप गेला तुझा, अन् मी जितीच मेले."

२६ जून, बुधवार
काकांना विचारलं, नावं बदलता येतात का? "शुक्रवारी चारपर्यंत. यादी गेली की वर्षभर हात लावता येत नाही." मी पूर्णवेळ आले तर दोन्ही जोड्या? "सर स्वतः आले तरी एकच."

चाकूरची मुलगी आज तीच शंका तिसऱ्यांदा घेऊन आली. मी तिच्यावर ओरडले. ती वही उचलून गेली. तिचा काय दोष.

२७ जून, गुरुवार
पट्टी आज महेशने बदलली. मी बदलते म्हटलं, ऐकलं नाही. जखम उघडी पडली तसा तोंड फिरवून बसला, मग पुन्हा करायला लागला. आत्या त्याला म्हणाली, "ल्हानपनी तुझं ढुंगण धुतलं ते वसूल झालं बग." तो हसला नाही.

ओट्याशी आला. "मी बदल म्हणणार नाही. नको बदलू असंही मला म्हणता येत नाही. उद्या आईचा पाय गेला तर मी तुझ्याकडे..." वाक्य पुरं न करता दुकानावर निघून गेला.

संध्याकाळी अण्णांचा फोन. आज आवाजात जोर होता. शस्त्रक्रिया कुठं करायची, नांदेडला की लातूरला, विचारत होते. लातूरला केली तर अक्काच्या हातचं खाता येईल म्हणाले. मग, "नावं गेली ना, पोरी?"

"दिलीत, अण्णा."

खोटं नाही. खरंही पुरतं नाही. आत्या पलंगावर पाय उशीवर ठेवून माझ्याकडे बघत होती. मान हलवून 'नाही, नाही' करत होती. कशाला नाही, सांगू नको की बदलू नको, ते मी विचारलं नाही.

उद्या सकाळची बॅच. बाराला सुटेन, यादी चारला जाते. काकांचं ऑफिस जिन्याखालीच आहे, त्यांच्या दारावरूनच बाहेर पडावं लागतं.