आधी वाळू दे

३ नोव्हेंबर २०००, शुक्रवार

गाडीला शॅम्पू असतो! डोक्याला लावायचा नव्हे, गाडीचा वेगळा. पासष्ट वर्षं जगले आणि आज कळलं.

झालं असं — श्याम सकाळी ऑफिसच्या कामानं गुवाहाटीला गेला, दोन आठवड्यांसाठी. निघताना गाडीवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, रुमालाला पुसलं. माझंच पोर, मला कळतं. ह्या दिल्लीच्या द्वारकेत चहूकडे बिल्डिंगा उठतायत, धूळ नुसती! घेतली तेव्हा मोराच्या मानेसारखी निळी होती गाडी. आता शंभरदा धुतलेल्या परकरासारखी दिसते. शेजारच्या खुरानांची मात्र आरसा. खुराना म्हणाले, "माताजी, साबण से मत धोना. शैंपू आता है."

संध्याकाळी कादंबरीला म्हटलं, बाबा यायच्या आत आपण दोघींनी चमकवायची का? नात चौदा वर्षांची. दिल्लीतच वाढलेली, मराठी बोलते पण अडखळत. एरवी माझ्याशी "हां", "ना", "पता नहीं". आज टीव्ही बंद करून वळली माझ्याकडे. "सच्ची आजी? खुराना अंकल जैसी?"

जैसी तर जैसी!

४ नोव्हेंबर, शनिवार

श्याम म्हणतो, आई, आता कायमची इथंच राहा. धाकटा राजाभाऊ कराडहून दर रविवारी फोनवर विचारतो, कधी येतेस? दोघांना एकच उत्तर देते — बघू. घर छान आहे. सून हेमलता वाईट नाही, पण सकाळी आठला बँकेत जाते ती दिवेलागणीला येते. नात आपल्या खोलीत. मग मी बोलायचं कुणाशी? फ्रीजशी? तो निदान घुं घुं तरी करतो.

तर ते असो. आज आम्ही दोघी पालमच्या रस्त्यावर दुकानात गेलो. गाडीचं सामान विकणारे लालाजी. बाई गं, केवढे डबे! चपटे, उंच, फुस्स करून उडवायचे. टायर काळं करायचं वेगळं, काचेचं वेगळं. चौथी शिकलेली मी, इंग्रजी लेबलं काय वाचणार? कादंबरी वाचत होती आणि मला सांगत होती. अर्धं हिंदीत, अर्धं हातवाऱ्यांत. पण सलग तासभर बोलली माझ्याशी! मी घड्याळ बघितलं होतं.

लालाजींनी क्रम सांगितला. आधी शॅम्पू, मग कंपाउंड, मग पॉलिश, शेवटी वॅक्स. मी म्हटलं, कंपाउंड तो हमारी सोसायटी को है, पक्की भिंत! लालाजी हसून हसून गल्ल्यावर आडवे. कंपाउंड म्हणजे घासायची पेस्ट. "इसमें बारीक रेत जैसा होता है, माताजी. पुराना पेंट थोड़ा छील देता है." सोलून काढायचं? नको गं बाई. आमची गाडी मळकी आहे, आजारी नाही. ते सोडून बाकी घेतलं. पॉलिश-मेणाच्या तीन जाती घेतल्या, लहान लहान डब्या. परीक्षा घ्यायची होती ना!

५ नोव्हेंबर, रविवार

परीक्षा कुठं घ्यावी? गाडीवर एकदम नको. मी म्हटलं, माझ्या खोलीतलं लोखंडी कपाट आहे की. त्याचं दार तसंच रंगवलेलं. खडूनं तीन चौकोन केले. कादंबरीनं चिठ्ठ्या चिकटवल्या, ए, बी, सी.

ए म्हणजे पातळ, बाटलीतलं. लावलं की लगेच लखलख! पोरगी नाचायलाच लागली. मी म्हटलं, थांब. लगेच गोड बोलणाऱ्या माणसाचं आणि ह्याचं सारखंच, दोन दिवस जाऊ देत.

बी — घट्ट पांढरं. रॉकेलसारखा वास, आणि कपाटाच्या कडेला भुकटी अडकून बसली.

सी म्हणजे चपट्या गोल डबीतलं पिवळं मेण. कादंबरीनं लेबल वाचलं, ब्राझील की कुठल्या देशातल्या ताडासारख्या झाडाच्या पानांवरून खरवडून काढतात म्हणे. बघा! कुठलं झाड, कुठली मी, कुठलं कपाट.

हेमलता दारात उभी राहून म्हणाली, "आई, कपाट विकायला काढलंय का?"

७ नोव्हेंबर, मंगळवार

ए उतरलं. नुसतं तेलकट बोट फिरल्यासारखं राहिलंय. म्हटलं नव्हतं?

सी वर पाण्याचे चार थेंब टाकले. काय सांगू! अळवाच्या पानावर बसतात तसे गोल, टपोरे. कादंबरीला हाक मारली. ती म्हणाली, "आजी, अळू म्हणजे आलू?" म्हटलं, नाही गं, वडीचं पान, इकडे अरबी का अरवी म्हणतात. मग थेंबाला बोट लावत बसली. किती वेळ! पुढं म्हणाली, "टपोरे. टपोरे. अच्छा वर्ड है."

सी ठरलं.

९ नोव्हेंबर, गुरुवार

फडक्याचं राहिलं होतं. लालाजींचा स्पंज माझ्या मनाला येईना. माझं जुनं सुती लुगडं काढलं, धुऊन धुऊन साईसारखं झालेलं. काठ कापून टाकले. काठाचा जाड धागा रंगाला ओरखडा काढील. कादंबरी विचारते, तुला हे सब कसं माहीत? म्हटलं, आयुष्यभर समया, घंगाळं, तांबे घासले, तुझ्या आजोबांचे बूटसुद्धा. चकाकी म्हणजे चकाकी. जे घासायचं ते ओळखायचं, बस्स.

जेवताना आपणहून म्हणाली — "आजी, भाजी वाढ ना." मराठीत! हेमलतानं माझ्याकडे बघितलं.

राजाभाऊला ह्या रविवारी सांगून टाकावं का, मी इथंच राहते म्हणून?

१२ नोव्हेंबर, रविवार

काय लिहू.

सकाळी सगळं छान चाललं होतं. सावलीत गाडी घेतली, खुरानांनी ढकलायला मदत केली. शॅम्पू झाला. पुसून कोरडी केली. बॉनेटवर मेण लावून झालं, पातळ, गोल गोल. तेवढ्यात वरून हेमलताची हाक, कराडचा फोन. मी वर गेले. राजाभाऊशी दोन शब्द बोलून गॅलरीत आले आणि वरूनच ओरडले, "कादंबरी, आधी वाळू दे! मग घास!"

ती खालून — "क्या?"

"वाळू दे, वाळू! चांगलं वाळू दे! मग हलक्या हातानं घास!"

"सच में आजी?"

"अगं हो म्हणते ना!"

परत फोनवर बसले. बऱ्याच वेळानं खाली आले तर समोरच्या बिल्डिंगच्या ढिगातली वाळू बॉनेटवर. आणि पोरगी माझ्या लुगड्याच्या फडक्यानं, हलक्या हातानं, गोल गोल घासतेय. सुकू दे म्हटलं असतं तर! जिभेवर आलं ते वाळू. त्या वाळूला हिंदीत बालू म्हणतात, तिनं तेच ऐकलं. लालाजी म्हणाले नव्हते का, रेत जैसा होता है? तिला वाटलं, हेच ते. स्वयंपाकघरातून चाळणी नेऊन चाळून घेतली होती वाळू, खडे नकोत म्हणून.

मला आधी हसूच आलं. हसले. तिथंच चुकलं.

पुसून बघितलं तर बॉनेटभर पांढरं धुकं, ओल्या पाटीवर खडू फिरवावा तसं. दोन चरे तर नखाला लागतात. खुराना "ओहो" म्हणाले. हेमलता गॅलरीतून — "दोघींना एक गाडी पुसता आली नाही?" कादंबरीचं तोंड एवढंसं झालं. "आपने ही बोला था! और आप हँस रही हो!" आणि मग — "मुझसे मराठी में मत बोलो. कभी नहीं."

आपने म्हणाली. मला एकदम परकी केली.

१३ नोव्हेंबर, सोमवार

बोलली नाही.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

एकटीच लालाजींकडे गेले, रिक्षा करून. हिंदी मोडकीतोडकी, पण सगळं सांगितलं. वाळूसकट. ह्या खेपेला हसले नाहीत. ज्याला मी नको म्हटलं होतं तेच कंपाउंड पुढं ठेवलं. "अब यही काम आएगा माताजी. हथेली जितनी जगह लो. ज़ोर नहीं, सब्र."

तळहाताएवढी जागा घ्यायची, पेस्ट लावायची, घासायचं, पुसायचं, तिरपं होऊन उजेडात बघायचं, सुपातले खडे बघतो तसं. धुकं खरंच उतरतं! आतून मोराची मान वर येते. एवढ्या दुःखातही मला गंमत वाटली, खोटं का बोलू. फडकं निळं होतं, म्हणजे रंगाचा पापुद्राच जातो. म्हणून थांबायचं कुठं ते कळलं पाहिजे.

खांदा दुखतोय. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीचा पडदा दोनदा हलला.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

संपलं. वर परत पिवळं मेण. वाळेपर्यंत — सुकेपर्यंत — शेजारी खुर्ची टाकून राखणीला बसले. खुराना येऊन म्हणतात, "माताजी, मेरी भी कर दोगी?" ते दोन चरे मात्र राहिले. ते खोल आहेत. लालाजी म्हणालेच होते, वो नहीं जाएँगे.

कादंबरीला हाक मारली, बघ तरी. तिनं दार लावून घेतलं.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

श्याम आला. टॅक्सीतून उतरला तो बॅग हातात धरूनच गाडीभोवती फिरला. "आई, ही आपलीच ना?" एवढा आनंद त्याच्या तोंडावर! मग चऱ्यांवर बोट गेलं.

"हे काय?"

"माझ्याकडून झालं. फडक्यात खडा होता."

कादंबरी जिन्यात उभी होती. ऐकत होती. तिच्याकडे मी बघितलं नाही. बघितलं असतं तर ती रडली असती, आणि श्यामला कळलं असतं. श्याम म्हणाला, "असू दे गं. नवीनपणी पण अशी नव्हती." ती वर निघून गेली.

१८ नोव्हेंबर, शनिवार

आज दिवसभरात माझ्याशी बोललेलं माणूस — दूधवाला.

श्याम मायेनं करतो, हेमलताही. पण दोघं आपापल्या कामात. पोरीसाठी राहावं म्हणत होते, तर माझ्या एका शब्दानं तिची गाडी बिघडली आणि वर मी हसले. ह्या वयात हसण्यावर ताबा नको? भाषाच नको म्हणते ती, आणि मला दुसरी येत नाही. कराडला निदान वाळत घातलं म्हटलं की पापड वाळत घालतात.

उद्या श्यामला सांगते, तिकीट काढ. पुढच्या आठवड्याचं.

१९ नोव्हेंबर, रविवार

सांगायला उठले. आधी म्हटलं, कालचं वाचावं. तर कालच्या ओळीखाली पेन्सिलीनं, ठळक, शाळेतलं हिंदी अक्षर —

"आजी तिकीट नको काढ. बाबा ला मी सांगितली खडा नव्हता मी होती. तुझा अक्षर खूप छोटा आहे, पूरी डायरी वाचायला दोन दिवस लागला."

तीनदा वाचलं.

आजपासून अक्षर मोठं काढते.