किल्ल्यावर विसरलेली बायको

अहो,

मी निघाले. तीनदा हाका मारल्या. तुम्ही जागे होतात, कारण झोपेत तुम्ही घोरता. चहा थर्मासमध्ये आहे. गॅस बंद केलाय, तरी दोनदा परत जाऊन बघितला. आज जीव थाऱ्यावर नाही.

‘काढून टाकलेल्या माणसानं प्रेसच्या सहलीला कोणत्या तोंडानं जायचं?’ हे तीन आठवडे ऐकून माझे कान किटले. तुमचं छपाईचं मशीन भंगारात गेलं, तुम्ही नाही. माझ्याबरोबर बाइंडिंगला बसणाऱ्या बायका रोज विचारतात, “दादा येणार ना?” मी काय सांगू त्यांना?

दरवर्षी आधी किल्ला, मग समुद्र, आणि गाडी सुटताना माणसं मोजायची ती तुम्हीच. गेल्या वर्षी माझ्या सीटवर शाल टाकलेली पिशवी बघितलीत, तिलाच बायको समजून मोजलीत आणि मला किल्ल्यावर ठेवून गेलात! समुद्र दिसायला लागला तेव्हा कुठे लक्षात आलं. त्यावरून वर्षभर टोमणे मारले, कबूल. पण भर उन्हात गाडी वळवून आणलीत, तेही मी विसरले नाही.

यंदा मोजणी मी मागून घेतलीय, म्हणून आधी प्रेसवर जातेय. बाकीच्यांना घेऊन गाडी सव्वासातला आपल्या कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर येईल. निळ्या शर्टला इस्त्री केलीय, खुर्चीवर आहे. तुम्हाला धरून चाळीस माणसं होतात. चाळीस भरल्याशिवाय मी गाडी हलू देणार नाही, मग सगळ्यांनी कितीही आरडाओरडा करू दे.

आणि मी पिशव्या मोजत नाही.