उंबऱ्याच्या आतला जोड

७ सप्टेंबर

कामिनीचा फोन. तिनं स्वतःहून केलेला!

"पप्पा, दिवाळीच्या सुट्टीत कुठंतरी जाऊ या का? आपण दोघंच."

मी "कुठे?" एवढंच म्हणालो, आणि तेही इतक्या कोरडेपणानं की फोन ठेवल्यावर स्वतःची चीड आली.

"हंपी. पण सगळं पायी फिरायचं हं. रिक्षात बसून देवळं दाखवणार असाल तर मी येत नाही."

ती आणि तिची आई लता धुळ्याला राहायला गेल्या त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून आमची भेट म्हणजे धुळ्याच्या बसस्थानकासमोरचं हॉटेल. ती डोसा खाते. मी अभ्यासाचं विचारतो. ती उत्तरं देते. मग दोघंही पाण्याचे ग्लास फिरवत बसतो. आणि आता चार दिवस — सकाळ, दुपार, संध्याकाळ.

टाचेचं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर म्हणाली असती, राहू द्या मग. नाही सांगितलं.

८ सप्टेंबर

पलंगावरून उतरलो तो टाच थेट खिळ्यावर पडल्यासारखी. रोजचंच आहे, पण आज हंपी डोक्यात होतं म्हणून जास्त दुखलं. भिंत धरून मोरीपर्यंत गेलो. थोडं चाललं की पाय मोकळा होतो. बसून उठलं की पुन्हा तेच. वर्गात दोन तास उभं राहून शिकवलं की संध्याकाळी टाच अंगाराची.

११ सप्टेंबर

हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. प्लांटर फॅसायटिस. तळव्याखालचा पट्टा टाचेपाशी सुजलाय म्हणे. सहलीचं सांगितलं तर ते आधी हसले. मग नीट समजावलं — सपाट चप्पल बंद. बूट मऊ नको, आधार देणारा हवा. टाचेकडचा भाग बोटांनी दाबला तर दबता कामा नये. बूट बोटांपाशी वाकावा, मध्ये नाही. पिळून बघा, फडक्यासारखा पिळला गेला तर ठेवून द्या. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय सुजलेला असतो. आणि सहलीआधी महिनाभर तरी घालून सवय करा.

"घरात काय घालता?"

"काही नाही. अनवाणी."

"तेच बंद करा. फरशीवर अनवाणी एक पाऊलसुद्धा नाही."

मी मान हलवली. पण घरात चप्पल! आई गेली तरी तिचे देव अजून त्याच कोपऱ्यात आहेत.

१६ सप्टेंबर

जब्बारला घेऊन फुले मार्केटला. जब्बार आमच्या कॉलेजच्या ऑफिसात आहे, पिंप्राळ्यात माझ्या समोरच राहतो. त्याची तबस्सुम आणि कामिनी पहिलीपासूनच्या मैत्रिणी.

दुकानदार प्रत्येक बूट हातात घेऊन तेच म्हणायचा, "साहेब, ढगावर चालल्यासारखं वाटेल." मला ढग नको होता. मी वाकवून बघत होतो, पिळून बघत होतो, टाच दाबत होतो. जब्बार कंटाळला.

"गिरधरभाऊ, इतकं उलटंपालटं करून लग्नाच्या वेळी बघितलं असतंस तर —"

जीभ चावली त्यानं. कान लाल. मग स्वतःच उठून चहा सांगितला. मला राग नाही आला. उलटंपालटं करून बघायचं असलं तर लतानं मला बघायला हवं होतं.

एवढं करून शेवटी घेतला तो मऊच बूट. पाय आत गेल्या गेल्या इतका आराम वाटला की शिकलेलं सगळं विसरलो.

१९ सप्टेंबर

मेहरूण तलावाला एक फेरी. ढगावरून चाललो आणि घरी लंगडत आलो. आतला मऊपणा दबला की खाली काहीच नाही, टाच सरळ रस्त्यावर. बूट जब्बारच्या मुलाला, उजैरला दिला. त्याच्या टाचा अजून बिचाऱ्या धड आहेत.

२१ सप्टेंबर

दुसरा जोड. या वेळी एकटाच गेलो, संध्याकाळी. हा दिसायला बोजड, काळा, म्हाताऱ्याचा वाटेल असा. टाचेला घट्ट धरतो, तळव्याच्या कमानीखाली उंचवटा. पहिल्या क्षणी टोचला. दुकानात चाललो, पुन्हा चाललो, दुकानदाराची बायको हसायला लागली. दहा नंबरचा घ्यावा लागला, नेहमी नऊ घालतो. सुजलेल्या पायाला नऊमध्ये बोटं दुमडतात.

देवळांचाही विचार केला. हंपीला दर थोड्या वेळानं बूट काढावे लागणार, आणि खाली तापलेला दगड. म्हणून जाड मोजे घेतले. बूट काढताना बसायला जागा शोधावी लागेल. उठताना पहिलं पाऊल तिच्याकडे पाठ करून टाकायचं. तेवढं जमेल.

मुलगी बापाबरोबर फिरायला म्हणते आणि बाप लंगडणं कसं लपवायचं ते ठरवतोय. हे बरोबर आहे का? माहीत नाही. तिला माझ्यासाठी थांबावं लागू नये, एवढंच वाटतं. सहा वर्षं तिच्याच वेळा सांभाळल्या गेल्या नाहीत माझ्याकडून.

२४ सप्टेंबर

काळा बूट जमला! तलावाची अख्खी फेरी मारली. वाटेत कोणीतरी म्हणालं, "सर, जोरात!" घरी येऊन भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणल्या, गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवली. बरं वाटलं. फार बरं.

घरातही चप्पल घालतो आता. देवाच्या कोपऱ्यापाशी काढतो, वळून पुन्हा घालतो. जब्बारनं दारातून पाहिलं. "काय रे, स्वतःच्याच घरात पाहुणा आलास का?"

२७ सप्टेंबर

कामिनीचा फोन. हंपीत सायकली मिळतात का, तुंगभद्रेत टोपलीसारख्या होडीत बसायचं का, असं बरंच. मध्येच, "पप्पा, पायाचा नंबर किती तुमचा?"

"नऊ," म्हणालो. चटकन. दहाचं सांगितलं तर का ते सांगावं लागलं असतं. मोजे घेत असेल माझ्यासाठी.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, "दसऱ्याला सोनं द्यायला येता ना? या वेळी हॉटेलात नको. घरी या. आजी मांडे करणार आहे. आईला विचारलंय मी. आई हो म्हणाली."

आई हो म्हणाली! सहा वर्षांत मी त्या दारात गेलो नाही. सहा वर्षांत आम्ही तिघं एका पंगतीला बसलो नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

धुळ्याहून आलो.

सोनं दिलं. आत गेलो नाही. टाचेमुळे.

उंबऱ्याच्या आत चपलांचा एक जोड होता.

३ ऑक्टोबर

काल धड लिहिलं नाही. आज लिहितो.

बस पारोळ्याला थांबली तेव्हाही उतरलो नाही, पाय आखडू नये म्हणून बसल्या जागी घोटा फिरवत राहिलो. धुळ्याला उतरलो तेव्हा पहिलं पाऊल नको नको झालं. रिक्षानं देवपूरला. दारासमोर रांगोळी, वर झेंडूचं तोरण. आतून खापरावरच्या मांड्यांचा वास. दार उघडंच. कामिनी धावत आली, नवा ड्रेस, केसात फूल. मागे लता. ती बारीक झालीये.

बूट काढायला वाकलो. नाडी सोडली. तेव्हा त्या चपला दिसल्या.

पुरुषाच्या. नव्या कोऱ्या, जाड तळव्याच्या. आणि उंबऱ्याच्या बाहेर नाहीत — आत, पायपुसण्यावर, घराकडे तोंड करून ठेवलेल्या. घरात घालायच्या. बेबाबाईंच्या घरात! माझ्या सासूबाई या बाबतीत फार कडक. लग्नानंतर एकदा चुकून चप्पल घालून माजघरात गेलो, तर सगळी फरशी पुसून घेतली होती त्यांनी. त्यांनी कुणासाठी हा नियम मोडला? जो कोणी आहे तो रोजचा असणार. पाहुण्यासाठी एवढं कोण करतं?

मी नाडी पुन्हा बांधली.

बेबाबाई आतून हाका मारत होत्या, "बाहेर का उभा? घरमा या ना! बठ्ठा सयपाक तयार शे."

"नाही, आत नको. बस आहे," म्हणालो. घड्याळ बघितलं. कामिनीच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. लताच्या हातावर ठेवायला गेलो तर उंबरा मध्ये आला. पानं खाली पडली, तिनं वाकून उचलली.  रिक्षात बसून वळून पाहिलं तर कामिनी दारात नव्हती.

अनवाणी फरशीवर चाललो असतो, मांडी घालून जेवलो असतो, तर उठताना नक्की कळवळलो असतो. लताच्या समोर. म्हणून गेलो नाही. हे खरं आहे.

५ ऑक्टोबर

कामिनीचा निरोप मोबाइलवर. "पप्पा, हंपी राहू द्या. मी मैत्रिणींबरोबर जाते."

फोन केला. उचलला तिनं.

"अगं, का?"

"का म्हणजे! मी आजीला आठ दिवस समजावत होते. आईनं नवं ताट काढलं होतं तुमच्यासाठी. यायचंच नव्हतं तर हॉटेलात भेटलो असतो ना. आमच्या दारात उभं राहून घड्याळ कशाला बघायचं?"

म्हटलं, आता सांगतोच. "कामिनी, माझी टाच दुखते गं. अनवाणी चालता येत नाही. म्हणून —"

 ती हळूच म्हणाली, "माहितेय मला." आणि फोन ठेवला.

तिला काय माहितेय? परत फोन करायचं धाडस झालं नाही.

९ ऑक्टोबर

काळे बूट कोपऱ्यात. आता त्यांची पुरती सवय झालीये, कुठे टोचत नाहीत. किती वाईट!

१२ ऑक्टोबर

जब्बारला सगळं सांगितलं. चपलांचंही. तो दाढी कुरवाळत म्हणाला,

"असेल कोणी तर असेल. तुझा काय हक्क?"

"काहीच नाही."

"मग बूट का नाही काढलेस, भाऊ?"

उत्तर दिलं नाही. पण इथं तरी द्यायला हवं.

टाच दुखत होती हे खरं. पण दुखत नसती तर आत गेलो असतो का? नसतो गेलो. त्या चपला ओलांडून जाता आलं नसतं मला. टाच आयती मिळाली. महिनाभर मी दुखणं लपवत होतो, आणि त्या दिवशी दुखण्यामागे लपलो.

लता एकदा म्हणाली होती, भांडणात नव्हे, भाजी निवडता निवडता: "तुम्ही घरातसुद्धा निघायच्या तयारीत असल्यासारखे बसता." तेव्हा मी पेपर वाचत होतो. वाचतच राहिलो.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पूजा केली. घरातली चप्पल दाराबाहेर ठेवून, अनवाणी. दुखलं. दुखू दिलं.

कामिनीला शुभेच्छा पाठवल्या. तिनं हात जोडलेलं चित्र पाठवलं. ते चित्र दूरच्या काकांना पाठवतात.

२४ ऑक्टोबर

काल भाऊबीज. जब्बारच्या घरी जेवायला बोलावलं, जीनतवहिनींनी आग्रह करकरून वाढलं. तबस्सुम सुट्टीला आलीये. मला खुर्ची देताना म्हणाली, "काका, टाच कशी आहे?" — आणि लगेच आत गेली. जब्बारनं सांगितलं असणार घरात.

२६ ऑक्टोबर

आज कामिनी हंपीला निघाली. आम्ही दोघं आजच निघणार होतो. काळे बूट घातले, तलावाला गेलो. कुठेही न दुखता पूर्ण फेरी झाली. बाकावर बसलो आणि रडायला आलं. चष्मा पुसतोय असं दाखवलं.

२७ ऑक्टोबर

तिनं पाठवला नाही, पण तबस्सुमनं दाखवला — फोटो. मोठ्या खडकावर चौघी मुली. कामिनी कडेला, हसत नाहीये. की मलाच तसं दिसलं? मोठा करून बघितला. कळलं नाही.

२८ ऑक्टोबर

उद्या धुळ्याला जातो. कामिनी तिथं नाही, म्हणूनच जातो. ती असताना गेलो तर तिला मनवायला आल्यासारखं होईल. दार लताचं आणि बेबाबाईंचं आहे. त्यांच्या हाकेला मी पाठ केली. आत जो कोणी असेल त्याला नमस्कार करीन. जमेल का? जमवायचं. बूट बाहेर काढायचे, अनवाणी आत जायचं, कळवळलो तर कळवळलो.

२९ ऑक्टोबर

अनवाणी आत गेलो. दुखलं. घरात दोघीच होत्या. लता म्हणाली, "थांबा, फरशी टोचेल," आणि कपाटातून तो जोड घेऊन आली. तळव्याला दुकानाची चिठ्ठी तशीच.

"कुणाच्या आहेत या?"

"कुणाच्या म्हणजे? तबस्सुमनं टाचेचं सांगितल्यापासून कामिनी बाजारभर हिंडत होती. माझ्या आईला म्हणाली, पप्पांना घरात चप्पल घालू दे, नाहीतर ते येणार नाहीत. दसऱ्याला दारातच ठेवल्या होत्या तिनं. दिसल्या नाहीत तुम्हाला?"

नऊ नंबर. बोटं दुमडून पाय आत घातले.

"दिसल्या होत्या," म्हणालो.