बोट नुसतं टेकवा

२ मार्च, सकाळी ७
मशीन घरी आलं. अंधांना छापील मजकूर वाचता यावा म्हणून. उजव्या हातात छोटा कॅमेरा, तो ओळीवरून सरकवायचा. डावा हात पेटीत. तिथे तर्जनीखाली बारीक सुया थरथरतात आणि अक्षराचा आकार बोटाला कळतो. चौदा वर्षं बॉक्सिंग केलं, डोळे त्यातच गेले. सुयांना काय भ्यायचं? आठ दिवसांत पेपर वाचेन.

पहिलं वाचन ठरलंय, लेकीचं पत्र. पोरीने मुद्दाम टाइप करून पाठवलंय. बायको म्हणाली, मी वाचते. नको. ती वाचताना साखर पेरते. मला शब्दन् शब्द हवा. माफी मागितलीय की नाही, एवढंच बघायचंय. घर सोडून गेली ती एका दातावरून. तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा. मी हलकाच मारला होता. दात आधीचाच किडका असणार.

५ मार्च
शिकवणाऱ्या बाई आल्या. त्याही अंध. म्हणतात, दाबू नका, बोट नुसतं टेकवा. टेकवलंच होतं. चार सुया वाकल्या. माल कच्चा. बाईंनी माझी मूठ उघडून बोट सैल करून दिलं. 'क' ओळखला. तो 'फ' निघाला.

९ मार्च
शिरोरेषा सतत गुणगुणते, अक्षरं तिला दोरीवरच्या कपड्यांसारखी लटकतात. तासाभरात एक शब्द, 'सूचना'. काय सूचना, ते कळेना म्हणून टेबलाला लाथ घातली. टेबल मोडकळीला आलेलंच होतं. संकल्प: रोज तीन तास सराव, राग बंद.

१२ मार्च
मेव्हणा आला. बायकोचा भाऊ, नको तिथे नाक खुपसणारा. म्हणे, दाजी, पत्र द्या, दोन मिनिटांचं काम आहे, उशीर बरा नाही. आणि खिशातून ओढलंच. आवाजाच्या अंदाजाने लेफ्ट हुक मारला. अंदाज अचूक होता, तो खाली वाकला हा त्याचा भित्रेपणा. मागच्या दाराची चौकट तडकली. डावी तर्जनीही. उजव्या हाताचा ठोसा मात्र त्याला बसला. नाकातून बरंच रक्त आलं म्हणे. पत्र परत मिळवलं.
दवाखान्यात त्यानेच नेलं. वाटभर माझा कोपर सोडला नाही. घाबरला असावा.

१४ मार्च
बोट प्लास्टरमध्ये. हे नऊ बोटांनी टाइप करतोय. आता उजव्या तर्जनीने श्रीगणेशा. बायको म्हणाली, वाचू का पत्र, हे शेवटचं विचारतेय. म्हटलं, मेलो तरी माझं मी वाचेन. बोलण्याला जोर यावा म्हणून आरसा फोडला. तसाही मला त्याचा उपयोग नव्हता.

१६ मार्च
बायको सकाळीच बाहेर गेली. येता का, एवढंच विचारलं. कुठे ते विचारलं नाही, सराव बुडतो. अत्तर लावलं होतं. भावाकडेच गेली असणार. पण भावाकडे जायला अत्तर?
घर शांत. सरावाच्या कागदावरच्या सलग दोन ओळी वाचल्या. दिवसभर काहीही फोडलं नाही. फोडण्यासारखं उरलंय कुठे?

२१ मार्च
मशीन नादुरुस्त. बाईंना फोनवर सुनावलं. त्या म्हणाल्या, बोट टेकवलंय ना? म्हटलं, हो. म्हणाल्या, मग रागावलाय कुणावर? प्रश्नच चुकीचा. फोन आपटला. दुसरा फोन घ्यावा लागेल.

२९ मार्च, दुपारी ४
वाचलं. तीन तास लागले. मजकूर एवढाच:
'बाबा, १६ तारखेला सकाळी अकराला लग्न आहे. ह्याने दात बसवून घेतलाय, मनात काही नाही. तुम्ही फक्त या. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवतेय.'

माफीचा शब्द नाही. पुन्हा तपासलं, बोट नुसतं टेकवून. मागितलेली नाही, आणि मी मागावी असंही कुठे लिहिलेलं नाही.

बायकोला विचारलं, खुर्चीचं काय झालं. म्हणाली, रिकामी होती. भाऊ शेजारी उभा राहिला, शेवटपर्यंत कुणाला बसू दिलं नाही. नाकाला पट्टी होती त्याच्या.

उजवी मूठ वळली. मारायचं कुणाला ते ठरेना. मग मूठ उघडली आणि बोटाने पुन्हा पहिला शब्द शोधला. 'बाबा' लगेच लागला.

बाईंना कळवायला हवं, मशीनमध्ये काही दोष नाही.