कुलूप कुणाचं, चावी कुणाची

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे वाकलो असं नुसतं समज.) तुझे गुडघे बरे असतील, भावोजींचा खोकला गेला असेल.

इथे सगळं ठीक, म्हणजे तुझ्या भाचीचं लग्न मोडायला आलंय. रविवारी होणाऱ्या व्याह्यांकडे तारीख ठरवायला गेलो होतो. गृहस्थ भाषेचे निवृत्त प्रोफेसर. चहा येईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, आमच्या घराण्यात आजोबांपासून चाव्याच करतात. झालं. ते म्हणाले, चावी हा शब्द आपला नव्हेच. तो पोर्तुगीजांबरोबर जहाजातून आला, आणि त्यांच्याकडे पान्यालाही तेच म्हणतात. म्हटलं, बरं, चावी नेलीत, कुलूप तरी ठेवा. तर कुलूप म्हणे अरबी. तिकडे कुफ्ल, इकडे येता येता अक्षरांनी जागा बदलल्या. ताई, मग दुकानात आपलं उरलं काय? कानस? (तिच्याबद्दल विचारायची छाती झाली नाही.)

रागवावं की शिकावं, मला कळेना. शेवटी रागावलो. तारीख राहिली, चहा राहिला, तरातरा निघालो. त्यांची चावी दाराला बाहेरून तशीच लटकत होती, आणि हाताची खोड तुला ठाऊक आहे: दार ओढायचं, चावी फिरवायची, खिशात टाकायची. डोकं पोर्तुगीजांत, हाताने आपलं काम केलं. घरी शर्ट काढताना चावी हाताला लागली तेव्हा उमगलं, व्याही आणि विहीणबाई आत कोंडलेले. धावत गेलो, तर दारात नाक्यावरचा कुलूपवाला (ज्याच्याशी मी बोलत नाही) हत्यारं आवरत होता. मी जिन्यातूनच काढता पाय घेतला.

तेव्हापासून पोर माझ्याशी बोलत नाही. घर खायला उठतं गं. एवढ्या लांबून आलेले शब्द आपण आपले म्हणून वापरले, मग त्या माणसाला व्याही म्हणताना माझीच जीभ का अडावी? (हे शहाणपण की गोंधळ, तूच सांग.)

तुझा धाकटा

ता. क. पाकिटात त्यांची चावी ठेवतोय. तू मोठी, तुझं ऐकतील. तेवढी नेऊन दे आणि माझ्या वतीने माफी माग.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायला गेलो तर चावी गायब. तुझ्या भाचीने उचलली. आज पहिल्यांदा बोलली: बाबा, परत कशाला करता, मला लागणारच आहे ती. मला नीटसं कळलं नाही, पण तू निघायच्या तयारीला लाग.