सावलीतली फुलपाखरं

प्रिय आई,

वाकून नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

मी पाहणी करते त्या रानात मोठी झाडं तोडली तिथे ऊन शिरलंय आणि माळावरची फुलपाखरं झुंडीनं आली आहेत. आमचे साहेब खूश! "फुलपाखरं वाढली, मग बिघडलं कुठे?"

"सावलीतलं एकही उरलं नाही," मी म्हटलं.

"उन्हाळा आहे. येतील पावसात."

डोकंच फिरलं. शेजारच्या न तोडलेल्या रानात ती आत्ताही आहेत, वाळक्या पानांचा रंग घेऊन बसलेली. पण ऐकतंय कोण? अहवालात नुकसान नाही असं लिहायला मी नकार दिला. आता पावसाळाभर थांबून, तोडलेल्या जागी ती परत येत नाहीत हे दाखवूनच देणार.

म्हणजे ताईच्या बाळंतपणाला मी नाही. तिची पावलं अजून सुजतात का? तिला तूच सांग. रागावली तर रागावू दे. मीही चिडलेय, आणि इथे मनसोक्त भांडायला घरचं कुणी नाही.

तुझी,
धाकटी