चार काचा, एक अंगठा

३ नोव्हेंबर, सोमवार
दोन दिवस. फक्त दोन दिवस थांबवता आलं नाही गुरुनाथला. मी कऱ्हाडहून अख्खा प्रवास मांडीवर डबा घेऊन आले, इशूसाठी शेंगदाण्याच्या पोळ्या, आणि स्टेशनावर हा माझा सख्खा धाकटा भाऊ हसत सांगतो, अक्का, ईश्वरी शनिवारीच आत गेली. तारीख बदलली म्हणे. मग फोन करायला हात मोडले होते का? पोटची पोर साठ दिवस कोंडून घेणार आणि आईने तोंडही बघायचं नाही. गाडीत सेक्टर चव्वेचाळीसपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

पण खोटं कशाला लिहू, शहर चांगलं आहे. रुंद रस्ते, चौकाचौकात फुलं. इशू कॉलेजपासून मामाकडेच राहिली, ती इथून हलायला का तयार नसायची ते कळलं. तिने माझ्यासाठी ही वही ठेवलीय. आई, रोज लिही, बाहेर आले की सगळं वाचणार, असा मामाजवळ निरोप. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला काय काय कामं लावते पोरगी.

४ नोव्हेंबर, मंगळवार
आज कामावर गेले. गुरुनाथ एअर फोर्समधून निवृत्त झाल्यावर ज्या कंपनीत लागला, तिथेच मला चिकटवलंय. मोहालीच्या बाजूला मोठी शेड आहे. तिच्यात अंतराळात फिरतं तसं स्थानक बांधलंय, हुबेहूब, फक्त जमिनीवर. वर जाणाऱ्या माणसांना सराव म्हणून चौघं आत. इशू, कुणाल, निमिष आणि जसप्रीत नावाचा इथलाच सरदार मुलगा. बाहेरचा आवाज नाही, ऊन नाही. सगळं काम टॅबवर. कुठलं झाकण कधी उघडायचं, काय खाल्लं, किती झोपले, सगळं त्यात लिहायचं.

मंगळवारी आणि शुक्रवारी पाच वाजता भिंतीतल्या झडपेतून चार टॅब बाहेर येतात, चार्ज केलेले दुसरे चार आत जातात. आलेले मी पुसायचे, चार्जिंगला लावायचे, मग मधुरिमा त्यांतलं उतरवून घेते. नागपूरची आहे, मराठी बोलते, बरं वाटलं. आत कॅमेरे आहेत, पण ते फक्त गुरुनाथच्या खोलीत दिसतात. मला बघू दे म्हटलं तर नियमात बसत नाही म्हणाला. इंग्रजी कागदावर सही घेतली, नोकरीचा आहे म्हणाला. केली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
बावीस वर्षं वसतिगृहात स्वयंपाक केला मी. ताट बघून सांगायचे कोण जेवून गेलं. टॅबच्या काचेचंही तेच. जसप्रीत अख्खा पंजा टेकवतो, तुपकट. निमिष नखं खातो, त्याच्या बोटांचे नुसते ठिपके. कुणाल करंगळीने सरकवतो, नवरीसारखा. आणि माझी इशू डावखुरी. तिच्या डाव्या अंगठ्याच्या मधोमध गव्हाच्या दाण्याएवढी जागा कोरी आहे. चार वर्षांची असताना तापल्या तव्याला लावला होता. तेवढ्या जागी रेषा परत आल्याच नाहीत.

तिचा टॅब मी शेवटी पुसला. मधुरिमा हसली. म्हणाली, काकू, काच पुसताय की पोरीचं तोंड?

११ नोव्हेंबर, मंगळवार
जसप्रीतच्या टॅबवर पंजा नाही. इशूचा अंगठा आहे. मधुरिमाला सांगितलं, तर म्हणाली, एकमेकांचे टॅब घेत असतील, घरातही घेतात ना. तेही खरं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
जसप्रीत नाही. कुणालची करंगळी पण नाही. दोन्ही टॅबवर इशूच.

मधुरिमाने वाचून दाखवलं. जसप्रीत सात तास झोपला, दोन पराठे खाल्ले, मन प्रसन्न. कुणालचंही तसंच, प्रसन्न. मी म्हटलं, लिहिलंय ते ठीक, लिहिलं कुणी? तिने टॅब उलटा ठेवला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
निमिषचे ठिपके गेले. चारही काचांवर एकच अंगठा.

तडक गुरुनाथच्या खोलीत गेले. त्याने आधी कॅमेऱ्यांचा पडदा बंद केला, मग माझ्याकडे बघितलं. सगळं ठीक आहे म्हणाला. मी दाराशी उभीच राहिले, तर चिडला. अक्का, तुला पुसायला ठेवलंय, वाचायला नाही.

लहानपणी याचं नाक मी पुसलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
इशूच्या टॅबवर चार बोटं वरून खाली ओढलेली. कुणीतरी मागे ओढत असताना धरून ठेवावं तशी. आणि शेजारी आणखी एक डाग. लांब. बोटासारखा, पण वीतभर, आणि त्यावर रेष म्हणून नाही.

बोटं पुसली, गेली. तो डाग जाईना. ओलं फडकं लावलं, नख लावलं. नखाला काही लागत नाही.

डाग काचेच्या आतून आहे.

गुरुनाथ येऊन तो टॅब घेऊन गेला. काही विचारलं नाही त्याने. त्याला नवल वाटलं नाही, हे मला सगळ्यात —

आत जाणाऱ्या टॅबच्या कव्हरमध्ये चिठ्ठी घातली. इशू, आई बाहेर आहे. डावा अंगठा लाव. बाकी काही नको.

२२ नोव्हेंबर, शनिवार
मधुरिमा घरी आली, गुरुनाथ बाजारात गेल्यावर. बसली नाही, उभ्या उभ्या रडली.

उन्हाळ्यात पण सराव झाला होता. दोघं आत होते. तेव्हा पुसायला कृष्णा म्हणून मुलगी होती, शिकलेली. तिने डागांचे फोटो काढले, तिला काढून टाकलं. तीस दिवसांनी दार उघडलं तर टॅब होते, दोघं नव्हते. आणि टॅबवर त्या दिवशीचंसुद्धा लिहिलेलं होतं. झोप सात तास. मन प्रसन्न. घरच्यांना सांगितलं, पोरं सराव सोडून निघून गेली.

म्हणून या वेळी न शिकलेली बाई हवी होती. पुसून मोकळी होईल अशी.

मी विचारलं, मग इशूला का घातलं आत? म्हणाली, चौथं माणूस मिळत नव्हतं. सर म्हणाले, भाची आहे, माझं ऐकेल. आणि आई पोचायच्या आधी आत गेली पाहिजे, नाहीतर आई अडवेल.

तारीख बदलली नव्हती. ठरलेलीच होती.

मी सही केली तो कागद नोकरीचा नव्हता. आईची संमती होती. आत काही झालं तर आमची तक्रार नाही. खाली माझं नाव, माझ्या हाताने.

२३ नोव्हेंबर, रविवार
पोलिसात गेले. कागदाची नक्कल त्यांच्याकडे आधीच आलेली. आपने खुद साइन किया है जी, म्हणाले. पाणी दिलं, घरी पाठवलं.

गुरुनाथ रात्री जेवायला बसला. मी वाढलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
उत्तर आलं.

डावा अंगठा. मधोमध कोरा दाणा. चारही टॅबवर. मी छातीशी धरले चारही. आहे माझी पोर, आहे —

मग सवयीने फडकं फिरवलं.

जात नाही.

एकही जात नाही. चारही आतून.

वर बोट ठेवलं तर काच कोमट. आणि तो अंगठा सरकला. माझ्या बोटाखाली —

२६ नोव्हेंबर, बुधवार
कपाटातले कोरे चार काढून बघितले. आत कधी न गेलेले. त्यांच्यावरही तोच अंगठा. फडकं नको, फडकं लावायचं नाही. मधुरिमा आली नाही. फोन बंद.

माझी पिशवी उघडलेली होती. वहीत तुझं चष्मा पुसायचं फडकं. म्हणजे तू वाचतोस, गुरुनाथ. बरं झालं. ही वही इशूसाठी होती, आता तुलाच लिहिते. तुझ्या टेबलावर उघडी ठेवतेय.

मी आजपासून पुसणार नाही. आपली आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास, माझ्या पदराला धरून झोपायचास. ते काढत नाही. तू उन्हाळ्यात दार उघडून बघितलं होतंस. तरी माझ्या पोरीला हाताला धरून आत नेलंस. तेवढंच काढते.

शुक्रवारी पाचला टॅब बाहेर येतात. त्याआधी दार उघड, आणि माझ्यासमोर उभा राहून तोंडाने सांग, माझी इशू त्या खोलीत आहे की काचेत. कागद नको, टॅब नको. शुक्रवार, पाच वाजेपर्यंत. नाहीतर मीच त्या झडपेत हात घालते, आणि आत जे काही आहे ते माझा हात धरेल तेव्हा तुझं नाव सांगते त्याला.